इंजिन-गिअरबॉक्स बदललेल्या ट्रकमध्ये गिअर नीट पडत नसतील तर: तपासणीचा पूर्ण क्रम

ट्रकला दुसरे इंजिन बसवले, सोबत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटणारा भाग) किंवा मागचा एक्सलही बदलला, गाडी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत गिअरची कुरबुर सुरू झाली. पहिल्यातून दुसऱ्यात जायला गाडी वेळ लावते, तिसऱ्यावर इंजिन नुसतेच रेस होते, रिव्हर्स टाकताना दाते घासल्याचा आवाज येतो, किंवा गाडी जागेवरून सुटतेच तिसऱ्या गिअरमध्ये. अशा वेळी पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो आणि तो खाली उतरवला जातो. ही घाई करू नका. गिअरबॉक्स काढण्यापूर्वी नीट चालत होता हे माहीत असेल, तर दोष आधी त्याच्या भोवती शोधायचा: तो इंजिनाला कसा जोडला आहे, त्यात तेल कोणते आणि किती आहे, लिव्हर त्याच्यापर्यंत काय पोहोचवतो, तारांमधून कोणते सिग्नल येतात, आणि गिअर बदलण्याचा हिशेब कोणत्या इंजिनाच्या व एक्सलच्या आकड्यांवर बसवलेला आहे. खालचा क्रम स्वस्त आणि सोप्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जातो. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल दोन्हींचा विचार यात आहे. मॅन्युअलवाल्यांनी मधले विद्युत भाग सोडून थेट “मॅन्युअल गिअरबॉक्स” या भागाकडे गेले तरी चालेल.

एक इशारा आधीच. ऑटोमॅटिकमध्ये गिअर घसरत असेल, म्हणजे इंजिनाचे आरपीएम वाढतात पण गाडी वेग घेत नाही, किंवा तेलाला जळका वास येत असेल, तर “थोडी चालवून बघू” म्हणत गाडी रस्त्यावर नेऊ नका. घसरणारी क्लच प्लेट पूर्ण जळायला एखादा चढही पुरतो. मग साध्या केबलच्या चुकीचे रूपांतर गिअरबॉक्स ओव्हरहॉलमध्ये होते.

आधी तक्रार आकड्यांत लिहा

“गिअर उशिरा पडतो” एवढ्यावरून काहीही ठरत नाही. कागदावर पाच गोष्टी लिहा: कोणता गिअर, थ्रॉटल किती दाबलेला, त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम, त्या क्षणी गाडीचा खरा वेग, आणि तेल थंड होते की गरम. खरा वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या. एक्सल किंवा टायर बदलले असतील तर डॅशबोर्डावरच्या स्पीडोमीटरवर विश्वास ठेवता येत नाही. आरपीएम आणि खरा वेग हे दोन आकडे वेगवेगळे लिहिण्याला फार महत्त्व आहे. ते का, हे हिशेबाच्या भागात येईल.

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स असेल तर स्कॅनर लावून कोड वाचा, लिहून ठेवा, पुसून टाका आणि एक फेरी मारून पुन्हा वाचा. जोडणी करताना इग्निशन चालू असताना काढलेल्या कनेक्टरांचेही कोड साठलेले असतात. त्यांच्या मागे लागून वेळ जातो. पुन्हा उमटतात तेच खरे. पी०७०० हा कोड दोष सांगत नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये वेगळा कोड साठला आहे एवढेच तो कळवतो, त्यामुळे तो कंट्रोलर स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

तेल: पातळी, प्रकार आणि कूलर

जागेवर नव्याने बसवलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तेल कमी असणे ही अगदी नेहमीची बाब आहे. कारण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि त्याच्या नळ्या रिकाम्या असतात. उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या ४एल६०ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पॅन (तळाचे तेलाचे भांडे) काढून तेल बदलताना सुमारे ४.७ लिटर लागते, पण सगळे रिकामे असताना साडेदहा लिटरच्या वर जाते. पॅनच्या मापाने तेल ओतले की पंप हवा ओढू लागतो. ड्राइव्ह टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी हलत नाही, वळणावर किंवा ब्रेक मारताना पकड सुटते, पंपाचा कण्हल्यासारखा आवाज येतो.

पातळी सपाट जागी, इंजिन आयडलवर चालू ठेवून आणि तेल गरम झाल्यावर बघायची. तपासण्यापूर्वी ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांतून एकदा फिरवा. जनरल मोटर्सच्या बहुतेक गिअरबॉक्सना ही तपासणी पार्कमध्ये करतात. क्रायसलर-डॉजच्या ट्रकमधील ४६आरई, ४७आरई यांना मात्र न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये त्यांचा कन्व्हर्टर भरला जात नाही. अदलाबदलीत डिपस्टिकची नळी दुसऱ्या गाडीची लागली असेल, तर तिच्या खुणा खोट्या ठरतात. नळी आणि डिपस्टिक जोडीनेच आणि त्याच गिअरबॉक्सची असावी. तेल जास्त झाले तरी नुकसानच आहे. फिरणारे भाग त्यात बुडून फेस होतो आणि फेसाने दाब धरला जात नाही.

तेलाचा प्रकार गिअरबॉक्सवरून ठरतो, ज्या ट्रकमध्ये तो बसवला त्याच्यावरून नव्हे. एटीएफ+४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये डेक्स्रॉन घातले तर लॉकअपच्या वेळी (कन्व्हर्टर इंजिनाशी थेट जखडला जातो तेव्हा) रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येऊ शकते.

कूलरचा प्रवाह मोजायला विसरू नका. परतीची नळी गिअरबॉक्सकडून सोडवून भांड्यात धरा आणि इंजिन आयडलवर ३० सेकंद चालवा. साधारण दोन लिटर तेल यायला हवे. एवढा वेळ पुरे, जास्त चालवलेत तर गिअरबॉक्स कोरडा पडेल. प्रवाह निम्मा असेल तर नळी कुठेतरी चेपली आहे किंवा कूलरमध्ये जुन्या गिअरबॉक्सचा कचरा आहे. जुना गिअरबॉक्स जळून गेला म्हणून नवा बसवला असेल, तर कूलर धुऊन भागत नाही, बदललेलाच बरा. प्लेटचा भुगा त्याच्या पातळ पंखांत अडकून राहतो आणि पुढे नव्या व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या भागात) उतरतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोड

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसला नसताना बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या कवचाचे) बोल्ट आवळून दोन्ही तोंडे ओढून घेतली, तर पंपाचे दाते तुटतात. नियम साधा आहे. बेलहाउसिंग हाताने इंजिनाला पूर्ण टेकले पाहिजे, बोल्टने ओढावे लागता कामा नये. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटला (क्रँकवर बसलेल्या पातळ चकतीला) भिडण्यासाठी तो ३ ते ५ मिमी पुढे ओढावा लागला पाहिजे. अंतर शून्य असेल तर कन्व्हर्टर आत बसलेला नाही. अंतर जास्त असेल तर त्याचा हब पंपाच्या गिअरमध्ये पुरेसा शिरत नाही, आणि तेव्हा योग्य जाडीचा स्पेसर लागतो.

जनरल मोटर्सचे एलएस इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडताना हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक एलएस इंजिनांच्या क्रँकचे मागचे तोंड त्याच कंपनीच्या जुन्या स्मॉल ब्लॉक इंजिनाच्या तुलनेत सुमारे १० मिमी आत असते. त्यासाठी खास फ्लेक्सप्लेट आणि क्रँकवर बसणारा स्पेसर मिळतो. वॉशरांची चळत रचून हे अंतर भरणे धोक्याचे आहे. कन्व्हर्टरचे नाक क्रँकमध्ये नेमके केंद्रावर धरले जात नाही आणि काही हजार किलोमीटरांत पंपाचे बुश व सील जाते.

इंजिनाच्या मागच्या दोन डॉवेल पिना जागेवर आहेत ना, हे पाहा. त्या जुन्या ब्लॉकमध्येच राहून गेलेल्या असतात. बोल्ट गिअरबॉक्स धरून ठेवतात, पण त्याला केंद्रावर आणण्याचे काम पिना करतात.

लिव्हर आणि लिंकेज

डॅशबोर्डावर ड्राइव्ह दिसते, पण गिअरबॉक्सच्या आतला, लिव्हरने सरकणारा मॅन्युअल व्हॉल्व्ह ड्राइव्ह आणि न्यूट्रलच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. दाब अर्धवट गळतो, गाडी चालते पण प्लेट घसरतात. हे तपासायला दोन मिनिटे लागतात:

१. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडणी लावा, इंजिन बंद.
२. गिअरबॉक्सच्या बाजूच्या आर्मवरून केबल किंवा रॉड सोडवा.
३. आर्म हाताने पार्कच्या टोकापर्यंत न्या आणि तिथून दोन खाचा परत आणा. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल असा क्रम असेल तर आता न्यूट्रल आले. प्रत्येक खाच हाताला स्पष्ट “टक्” अशी जाणवते.
४. केबिनमधला लिव्हर न्यूट्रलला लावा.
५. केबल ताण किंवा ढकल न देता आर्मच्या पिनवर आपोआप बसली पाहिजे. बसत नसेल तर ॲडजस्टर फिरवून लांबी जुळवा.

नंतर प्रत्येक स्थानात केबल पुन्हा सोडवून आर्म खाचेच्या मध्यावर आहे का ते पाहा. न्यूट्रलला जुळले पण पहिल्या गिअरला चुकले, तर लिव्हरच्या आर्मची लांबी गिअरबॉक्सला अनुरूप नाही. दुसऱ्या ट्रकचा लिव्हर वापरल्यावर असे होते. आर्मवर बसलेला, लिव्हरचे स्थान कंट्रोलरला कळवणारा रेंज सेन्सरही याच वेळी जुळवा. तो चुकला की कंट्रोलरला ड्राइव्हऐवजी रिव्हर्स “दिसते” आणि पी०७०५ उमटतो.

वीज, अर्थ आणि सोलेनॉइड

इंजिन बदलताना ब्लॉक ते चॅसी, चॅसी ते बॅटरी आणि केबिन ते ब्लॉक या अर्थिंगच्या पट्ट्यांपैकी एखादी मागे राहतेच. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे गिअरबॉक्सच्या कवचाला लावून स्टार्टर मारा. वाचन ०.२ व्होल्टच्या आत हवे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पुढे काहीही तपासण्याआधी अर्थ दुरुस्त करा, कारण खराब अर्थामुळे इतर सगळी वाचने फसवी येतात.

सोलेनॉइडना (विजेवर उघड-बंद होऊन तेलाचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हना) इग्निशनचा फ्यूजमधून आलेला पुरवठा लागतो. तो मिळाला नाही की गिअरबॉक्स ठरावीक गिअरमध्ये अडकून राहतो, आणि ते गिअर कोणते यावरून खूप काही कळते. ४एल६०ई मध्ये ड्राइव्हला तिसरा मिळतो, ४एल८०ई मध्ये दुसरा. सोबत गिअर जोरात बसतो, कारण दाब कमी करणाऱ्या सोलेनॉइडला विद्युतप्रवाह नसला की मुख्य दाब कमाल होतो. गाडी जड सुटते आणि प्रत्येक वेळी दणका बसतो, अशी तक्रार असेल तर पहिले काम फ्यूज आणि गिअरबॉक्सचा मोठा गोल कनेक्टर तपासणे.

४एल६०ई मधली दोन शिफ्ट सोलेनॉइड, ए आणि बी, चार गिअर अशी ठरवतात: पहिल्यात दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त बी, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त ए. एवढा तक्ता डोक्यात असला की रस्त्यावरच निदान होते. ए ची तार तुटली तर गाडी दुसरा-दुसरा-तिसरा-तिसरा अशी चालते. बी ची तार तुटली तर चौथा-तिसरा-तिसरा-चौथा. हार्नेस लांबवताना ए आणि बी यांची अदलाबदल झाली असेल तर क्रम पहिला-चौथा-तिसरा-दुसरा असा येतो. पहिल्यात गाडी छान उचलते, मग एकदम आरपीएम पडतात आणि इंजिन गुदमरते. हा प्रकार इतका ठरलेला आहे की तो दिसल्यावर गिअरबॉक्सला पाना लावण्याचे काही कारण उरत नाही. दोन तारा बदलल्या की काम झाले.

४एल८०ई चा तक्ता वेगळा आहे: पहिल्यात फक्त ए, दुसऱ्यात दोन्ही बंद, तिसऱ्यात फक्त बी, चौथ्यात दोन्ही चालू. कंट्रोलरमध्ये ४एल८०ई ची फाइल (प्रोग्रॅम) राहिली आणि खाली ४एल६०ई बसवला, तर कंट्रोलर पहिला मागतो तेव्हा चौथा मिळतो आणि पुढचे गिअरही उलट्या क्रमाने येतात. म्हणून दुसऱ्या ट्रकचा कंट्रोलर वापरताना त्यात कोणत्या गिअरबॉक्सची फाइल आहे हे गाडी हलवण्यापूर्वी बघा.

रोध मोजताना कनेक्टर सोडवून गिअरबॉक्सच्या बाजूला मोजा. ४एल६०ई च्या शिफ्ट सोलेनॉइडचा रोध साधारण २० ते ३० ओहम असतो, दाबाच्या सोलेनॉइडचा ३ ते ५ ओहम. तेल गरम झाल्यावर आकडा थोडा वाढतो. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर अनंत, असे झाले तर आतला हार्नेस किंवा कॉइल उष्णतेने तुटते आहे.

ब्रेकचा स्विच हा छोटा पण हमखास राहून जाणारा मुद्दा. कंट्रोलरला ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाला नाही तर कन्व्हर्टरचे लॉकअप वेळेवर सुटत नाही आणि थांबताना इंजिन बंद पडू शकते. उलट तो सिग्नल सतत “दाबलेला” असेल तर लॉकअप कधी लागतच नाही, तेल तापत राहते, आणि चालकाला वाटते की शेवटचा गिअर पडत नाही. समान वेगाने जाताना ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. लॉकअप लागलेले असेल तर आरपीएम एक-दोनशेने वर जातात आणि पाय काढला की परत येतात. काहीच हलले नाही तर लॉकअप लागलेलेच नव्हते.

हिशेब: दाते, एक्सल आणि टायर

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश वाचा.

बहुतेक इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स वेग मोजतात तो मागच्या शाफ्टवर. जनरल मोटर्सच्या अनेक ट्रकमध्ये तिथे ४० दात्यांची चकती असते, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला ४० पल्स. कंट्रोलर त्यावरून गाडीचा वेग काढतो, पण त्याला एक किलोमीटरला किती पल्स हे आधी सांगावे लागते. सूत्र असे: चाकाच्या प्रति किलोमीटर फेऱ्या × एक्सलचे गुणोत्तर × दाते.

२६५/७०आर१७ टायर घ्या. व्यास सुमारे ८०३ मिमी, परीघ २.५२ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ३९७ फेऱ्या. एक्सल ३.४२ असेल तर ३९७ × ३.४२ × ४० म्हणजे सुमारे ५४,३०० पल्स. एक्सल ४.१० असेल तर ६५,१००. फरक २० टक्के. वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे शेवटची जुळवणी जीपीएसवरून करा.

आता समजा, कंट्रोलरमध्ये ३.४२ चा आकडा आहे आणि गाडीखाली ४.१० चा एक्सल. खरा वेग ८० असताना स्पीडोमीटर ९६ दाखवेल. ६० ला पडायचा गिअर ५० लाच पडेल. लोक म्हणतात, गिअर फार लवकर पडतो. पण आरपीएम पाहिलेत तर ते पूर्वीइतकेच असतात, कारण गिअर पडतो तो शाफ्टच्या ठरावीक फेऱ्यांना, आणि शाफ्ट व इंजिन यांच्यामध्ये फक्त गिअरबॉक्स आहे. एक्सल त्या नात्याच्या बाहेर आहे. हेच सूत्र निदानाला वापरा:

गिअर पडतानाचे आरपीएम बरोबर आणि खरा वेग चुकीचा असेल, तर एक्सल-टायरचे आकडे कंट्रोलरमध्ये दुरुस्त करा. बाकी कशालाही हात लावू नका.

आरपीएमच चुकीचे असतील, तर दोष दात्यांच्या संख्येत, थ्रॉटलच्या सिग्नलमध्ये किंवा इंजिनासाठी न जुळवलेल्या शिफ्टच्या तक्त्यात आहे.

दात्यांची संख्या चुकते ती ट्रान्सफर केस किंवा मागचा कवच-भाग दुसऱ्या गाडीचा घेतल्यावर. जुन्या स्पीडोमीटर केबलच्या गिअरवर बसवलेला सेन्सर ४० दात्यांच्या चकतीपेक्षा कितीतरी कमी पल्स देतो. कंट्रोलरला गाडी रांगते आहे असे वाटते आणि पहिला गिअर सुटता सुटत नाही.

सेन्सर ट्रान्सफर केसच्या मागे असेल, तर लो-रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) आणखी एक गोम आहे. लोचे गुणोत्तर २.७२ असेल तर तिथले पल्स गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मानाने तितक्या पटीने कमी येतात. कंट्रोलरला लो-रेंजच्या स्विचचा सिग्नल मिळाला तरच तो हे समजून घेतो, नाहीतर गिअर घसरल्याचा कोड साठवून गिअर भलत्या वेळी टाकतो. तक्रार फक्त लोमध्येच येते, एवढ्यावरून हा दोष ओळखता येतो.

सिग्नल अधूनमधून तुटत असेल तर चालत्या गाडीत गिअर अचानक खाली उतरतो. स्कॅनरवर वेगाचा आलेख लावा. रेषा एकदम शून्यावर येऊन परत वर गेली, तर सेन्सरचा कनेक्टर किंवा तार बघा. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन आणि स्पार्क प्लगच्या वायरींपासून दूर न्यायच्या. सरळ सोडलेल्या तारा इग्निशनचा गोंगाट पकडतात.

पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवले असेल, तर शिफ्टचा तक्ता मुळातूनच बदलावा लागतो. पेट्रोल इंजिनासाठी पूर्ण थ्रॉटलचा गिअर ४,५०० ते ५,००० आरपीएमला पडेल असे ठरवलेले असते. काही जुनी डिझेल इंजिने गव्हर्नरमुळे (कमाल आरपीएम रोखणाऱ्या भागामुळे) २,६००-२,७०० च्या वर जातच नाहीत. परिणाम असा की पाय पूर्ण दाबला की गाडी पहिल्यातच अडकते आणि पाय उचलताच गिअर पडतो. इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये तक्ता बदलून हे सुटते, हायड्रॉलिकमध्ये गिअरबॉक्सच्या स्वतःच्या गव्हर्नरची वजने आणि स्प्रिंग बदलाव्या लागतात.

इंजिनाचा भार गिअरबॉक्सला कळतो का?

गिअर किती जोराने धरायचा हे इंजिनाच्या भारावरून ठरते. हा निरोप जुन्या गिअरबॉक्समध्ये केबलने किंवा व्हॅक्यूमने जातो, नव्यात सिग्नलने.

टीएच७००-आर४ या जुन्या हायड्रॉलिक गिअरबॉक्सची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल हे यातले सर्वात घातक प्रकरण. ती किकडाउनची (पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल आहे असा समज सर्वत्र आहे, पण तिच्यावर आतला दाब अवलंबून असतो. केबल ढिली असली की गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालक खूश असतो, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेट जळत असतात. घट्ट असली की गिअर उशिरा आणि दणक्याने पडतात. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण बाहेर ओढली गेली पाहिजे आणि त्याच क्षणी थ्रॉटलही टोकाला टेकला पाहिजे. एका माणसाने केबिनमधून पेडल दाबायचे, दुसऱ्याने थ्रॉटलपाशी बघायचे. नुसते हाताने थ्रॉटल उघडून जुळवू नका, कारण पायदाणाची चटई किंवा ताणलेली पेडल केबल शेवटचे काही मिलिमीटर खाते. दुसऱ्या इंजिनाच्या थ्रॉटल बॉडीवर केबल लावताना आर्मची त्रिज्याही जुळावी लागते. टोके जुळली पण मधला प्रवास चुकला, तर अर्ध्या थ्रॉटलला दाब कमी राहतो. यासाठी तयार ब्रॅकेट मिळते. ते वापरा.

टीएच३५०, टीएच४०० आणि फोर्डचा सी६ यांना मॉड्युलेटरसाठी (व्हॅक्यूमवरून दाब ठरवणाऱ्या भागासाठी) मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम लागतो, थ्रॉटलच्या वरच्या छिद्राचा नव्हे. नळी फाटली तर सगळे गिअर उशिरा आणि कडक. नळीत लाल तेल सापडले तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि इंजिन ते तेल जाळत आहे. डिझेल इंजिनात मॅनिफोल्डला वापरण्याजोगा व्हॅक्यूम नसतो. तिथे व्हॅक्यूम पंप आणि थ्रॉटलप्रमाणे व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा रेग्युलेटर दोन्ही लागतात. नुसता पंप लावला तर व्हॅक्यूम कायम जास्त राहतो, दाब कायम कमी राहतो आणि प्लेट जळतात.

इलेक्ट्रॉनिकमध्ये थ्रॉटल सेन्सर बंद स्थितीत साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ व्होल्टच्या वर देतो. मध्ये कुठेही आकडा कोसळता कामा नये. हवामापक सेन्सर चुकला तरी गिअर बिघडतात, कारण कंट्रोलर टॉर्कचा अंदाज त्यावरून घेतो. अॅलिसन १००० सारख्या गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला इंजिनाचा टॉर्क कॅन लाइनवरून (कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांवरून) हवा असतो. इंजिनाचा कंट्रोलर वेगळ्या घराण्यातला असेल तर तो संवादच होत नाही, यू०१०० किंवा यू०१०१ उमटतो, आणि मग दोघांची भाषा जोडणारा मॉड्यूल किंवा स्वतंत्र कंट्रोलर लावावा लागतो.

मॅन्युअल गिअरबॉक्स

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून. सगळे गिअर सहज लागतात, पण इंजिन चालू केल्यावर अडतात किंवा रिव्हर्स खरखरतो: क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असतानाही अडतात: लिंकेज, चुकीचे तेल किंवा गिअरबॉक्सच्या आतला दोष.

क्लच सुटत नसेल तर क्लचच्या हायड्रॉलिक सिलिंडरांचे माप काढा. अदलाबदलीत पेडलकडचा मास्टर एका गाडीचा आणि खालचा स्लेव्ह दुसरीचा असतो. मास्टरचा व्यास १९ मिमी, रॉडचा प्रवास ३० मिमी आणि स्लेव्हचा व्यास २२ मिमी असेल तर स्लेव्ह सुमारे २२ मिमी सरकतो. तोच मास्टर १६ मिमीचा असेल तर फक्त १५-१६ मिमी. पेडल हलके लागते, पण प्लेट सुटत नाही. सिस्टममधली हवा हेच लक्षण देते, म्हणून आधी नीट ब्लीड करा, म्हणजे हवा काढा. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज लागला तर हवा आहेच.

प्रवास पुरेसा असूनही क्लच ओढत असेल तर प्लेट उलटी बसली आहे का, पायलट बेअरिंगचा आतला व्यास इनपुट शाफ्टला बरोबर आहे का, आणि इनपुट शाफ्टचे टोक क्रँकमध्ये तळाशी टेकत नाही ना, हे तपासा. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. घेतलाच आहे तर डायल गेज लावून बेलहाउसिंगच्या छिद्राची केंद्रापासून चूक मोजा. गेजवरचे पूर्ण वाचन ०.१३ मिमीच्या आत हवे. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिना मिळतात.

गिअर लागतो पण भार पडल्यावर उडून न्यूट्रलला येतो, तेव्हा लिव्हर फ्लोअरच्या छिद्राच्या काठाला टेकतो आहे का ते पाहा. माउंट बदलल्याने गिअरबॉक्स सेंटीमीटरभर मागे-पुढे झाला की लिव्हरला पूर्ण प्रवास मिळत नाही. रबरी बूट काढून गाडी चालवून बघा. उडणे थांबले तर छिद्र मोठे करणे एवढाच इलाज.

तेलाबाबत: एनव्ही४५०० या मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचे ७५डब्ल्यू-८५ सिंथेटिक लागते. डिफरन्शियलचे जीएल-५ घातले तर सिंक्रोच्या (गिअर लागण्याआधी फेऱ्या जुळवणाऱ्या) कड्यांना पकड मिळत नाही, गिअर घासून लागतो, आणि दीर्घकाळात पितळेचे भाग खराब होतात.

झटका गिअरबॉक्सचा की शाफ्टचा?

गिअर बदलताना मागून “ठक्” आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्ट बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला दोष देऊ नका. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये मागे-पुढे सरकणारे शाफ्टचे टोक) पूर्ण आत गेल्यावर तळाला टेकण्याआधी सुमारे २५ मिमी जागा उरली पाहिजे. शाफ्ट लांब असेल तर सस्पेन्शन दबल्यावर तो गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टला पुढे ढकलतो. क्रॉसचे कोन ३ अंशांच्या आत आणि पुढच्या-मागच्या कोनांतला फरक एका अंशाच्या आत ठेवा. इंजिनाचे व गिअरबॉक्सचे माउंटही याच फेरीत बघा. ब्रेक दाबून ड्राइव्ह आणि रिव्हर्स टाकताना इंजिन तीन-चार सेंटीमीटर उचलले जात असेल तर माउंट फाटले आहे. लिंकेजच्या अर्ध्या तक्रारी त्यातूनच निघतात.

दाब मोजणे आणि मगच खोलणे

वरचे सगळे ठीक असूनही ऑटोमॅटिक घसरत असेल तर कवचावरच्या दाबाच्या प्लगला गेज लावा. रिव्हर्समध्ये दाब ३०० पीएसआयच्या वर जाऊ शकतो, म्हणून ४०० पीएसआयचे गेज घ्या. ४एल६०ई ड्राइव्हमध्ये आयडलला ५५ पीएसआयच्या आसपास असतो आणि भाराप्रमाणे १८०-१९० पर्यंत चढतो. दाबाच्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढला की तो कमाल व्हायला हवा. कनेक्टर काढूनही दाब चढत नसेल तर फिल्टर, त्याचे सील, पंप किंवा आतली गळती यांपैकी काहीतरी आहे. कनेक्टर काढल्यावर चढतो पण लावल्यावर नाही, तर दोष बाहेर आहे आणि कंट्रोलरला भाराचा चुकीचा अंदाज मिळतो आहे.

फिल्टरचे सील बारकाईने बघा. जुने सील छिद्रात राहून त्यावर नवे चढवले जाते, किंवा सील न घालताच फिल्टर ढकलला जातो. दोन्हींत पंप हवा ओढतो. पॅनमध्ये पातळ राखाडी थर नेहमीचा असतो. काळे तुकडे म्हणजे प्लेटचे अस्तर, चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण म्हणजे बुश. हे दोन दिसले तर आता गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ आहे.

दोष सापडून दुरुस्त झाला की कंट्रोलरने जुन्या स्थितीत शिकलेली जुळवणी पुसून टाका. बॅटरीची तार काढून ती सगळ्या गाड्यांत पुसली जात नाही, स्कॅनरमधला रीसेटचा पर्याय वापरा. मग तेल ८० अंशांच्या वर गरम करून, हलक्या आणि मध्यम थ्रॉटलवर थांबा-सुटा अशा वीसेक फेऱ्या सगळ्या गिअरमधून करा. या काळात गिअर थोडे कडक-मऊ पडतील. पन्नास-साठ किलोमीटरांनंतरही तसेच राहिले तर पुन्हा कागद काढा, तेच पाच आकडे नव्याने लिहा आणि जुन्यांशी ताडून बघा.